बर्ट यान्श कोण, आणि त्याचं वाजवणं शिकायचं कुठून

तुझा प्रश्न थोडक्यात असा होता: लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या पहिल्या अल्बमवरचं 'ब्लॅक माउंटन साइड' हे दोन मिनिटांचं गिटारचं पीस तू बसवत होतास, तेव्हा कुणीतरी सांगितलं की ते मुळात त्यांच्या गिटारवाल्या जिमी पेजचं नाहीच, बर्ट यान्श नावाच्या स्कॉटिश माणसाचं आहे. तर हा माणूस कोण, त्याचं पुढे काय झालं, ऐकायचं कुठून, आणि तुझ्याकडे आहे तसल्या साध्या गिटारवर हे जमेल का. चारही प्रश्नांना उत्तर देतो पण क्रमाने नाही, कारण या माणसाचं आयुष्य आणि त्याचं वाजवणं वेगळं काढून सांगताच येत नाही.

मी गेली सव्वीस वर्षं पुण्यात अकूस्टिक गिटार शिकवतोय, त्यातही बोटांनी वाजवायची, पिक न घेता. यान्श माझ्या हातात पहिल्यांदा आला तो १९९७ साली एका भरलेल्या कॅसेटमधून, एका मित्राच्या मामाने लंडनहून सीडी आणली होती त्यावरून भरलेली, वर पेनने फक्त 'बर्ट' एवढंच लिहिलेलं. मी ती इतकी रिवाइंड केली की एका गाण्याच्या जागी टेप पातळ होऊन आवाज हलायला लागला. आणि कित्येक महिने माझी पक्की समजूत होती की दोन गिटार वाजतायत, एक खालची बेस आणि लय धरतेय आणि दुसरी वर फिरतेय. पुढे कधीतरी त्याच्या उजव्या हाताचा व्हिडिओ बघायला मिळाला तेव्हा कळलं की माणूस एकच आहे. म्हणून तुला पहिल्याच दिवशी बसत नाहीये म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस, ते कानालाच आधी नीट कळत नाही.

आधी नाव. इंग्रजीत ते जे ने सुरू होतं म्हणून बरेच जण जान्श म्हणतात, पण तो स्वतः यान्श म्हणायचा, म्हणून मीही तेच म्हणतो. जन्म ३ नोव्हेंबर १९४३, ग्लासगो. वाढला मात्र एडिनबर्गमध्ये, शहराच्या उत्तरेला वेस्ट पिल्टन म्हणून कामगारवस्ती आहे तिकडे. वडील लहानपणीच घर सोडून गेलेले. शाळा संपल्यावर झाडांच्या नर्सरीत माळीकामाला लागला. पहिली गिटार किट आणून जोडलेली होती, मग पगार हातात आल्यावर एक हॉफनर घेतली, ती देऊन एक झेनिथ घेतली. हे मॉडेल लॉनी डॉनेगनच्या नावावर खपवलं जायचं, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनमध्ये स्किफल नावाच्या संगीताने पोरांना वेड लावलं होतं आणि डॉनेगन त्यातला स्टार, तोही ग्लासगोचाच जन्म.

एडिनबर्गच्या रॉयल माइलवर 'द हाउफ' नावाचा फोक क्लब होता, तिथे हा पोरगा जायला लागला. तिथे जिल डॉइल नावाची बाई गिटार शिकवायची. ती डेव्ही ग्रॅहमची सावत्र बहीण. हा धागा महत्त्वाचा आहे, कारण डेव्ही ग्रॅहम म्हणजे ब्रिटनमध्ये बोटांनी गिटार वाजवणाऱ्या त्या सगळ्या पिढीचा मूळ पुरुष, आणि तिच्यामुळे त्याचं वाजवणं एडिनबर्गच्या पोरांपर्यंत पोचलं. बर्टने तिच्याकडून होतं तेवढं सगळं झटक्यात उचललं, मग आर्ची फिशरकडून शिकला, आणि तेही लवकरच संपलं. नोकरी सोडली. क्लबमध्येच झोपायचा, तिथलीच राखण करायचा. वय सोळा-सतरा. आणि शिकायची पद्धत कुठली तर समोर बसून बघायचं. आपल्याकडे गुरूच्या समोर बसून शिकतात त्यातला हा प्रकार, फक्त गुरू रोज बदलणारा, कारण क्लबमध्ये जो येईल तो वाजवून जायचा आणि हा त्याच्या हाताकडे बघत बसायचा. अमेरिकन ब्लूजवाला बिग बिल ब्रून्झी त्याच्या कानात रेकॉर्डवरून गेला, आणि ब्रून्झीचा तो जड, एकसारखा पडणारा अंगठा यान्शच्या वाजवण्यात शेवटपर्यंत सापडतो.

पुढची दोन-चार वर्षं नुसती भटकंती. १९६३ च्या सुरुवातीला रॉबिन विल्यमसनबरोबर लंडन गाठलं (हा पुढे इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँडमध्ये गाजला), मग अंगठा दाखवून गाड्या थांबवत युरोपभर, रस्त्यावर नाहीतर बारमध्ये गाऊन पैसे मिळवत, थेट मोरोक्कोतल्या टँजिअरपर्यंत. तिथे आमांश झाला आणि परत पाठवावं लागलं. या सगळ्या काळात त्याच्याकडे बऱ्याचदा स्वतःची धड गिटार नसायची. क्लबमध्ये जायचं, ज्याची मिळेल त्याची घ्यायची, वाजवायचं आणि परत करायची. मला वाटतं त्याच्या त्या टणक, थोड्या उर्मट आवाजाचं मूळ इथे आहे. दुसऱ्याची गिटार कशी वाजेल, तारा किती जुन्या असतील, अ‍ॅक्शन म्हणजे फ्रेटपासून तारांची उंची किती असेल याचा काहीच भरवसा नाही म्हटल्यावर माणूस नाजूकपणावर विसंबून राहत नाही. तो तार ओढतो, उपटतो, फ्रेटवर आपटू देतो. आजही माझ्याकडे येणारी मुलं यान्श वाजवतात तेव्हा नोट्स सगळ्या बरोबर असतात पण ऐकायला मऊ लोण्यासारखं लागतं, आणि मग मी त्यांना सांगतो की तार बोटाच्या पेराने कुरवाळू नकोस, खालून उचल आणि सोड.

आता पहिला अल्बम, नाव 'बर्ट यान्श' एवढंच, एप्रिल १९६५. हा स्टुडिओत झालेला नाही. बिल लीडर नावाचा रेकॉर्डिंगवाला होता, त्याच्या लंडनमधल्या कॅम्डनच्या राहत्या घरात, स्वयंपाकघरात, एका टेपरेकॉर्डरवर रेकॉर्ड झालेला आहे. गिटार उसनी. ती मार्टिन कार्थी या फोक गायकाची, मार्टिन कंपनीची होती असं सांगतात. पूर्ण तयार अल्बम ट्रान्सअटलांटिक कंपनीला १०० पाउंडांत विकून टाकला. पुढे त्याच्या दीड लाख प्रती खपल्या. हेडफोन लावून ऐक, त्यात खोली ऐकू येते. मोठ्या हॉलचा घुमारा नाही, कुणीतरी तुझ्यापासून चार फुटांवर स्टुलावर बसून वाजवतंय असा कोरडा, जवळचा आवाज आहे. तो एकवीस वर्षांचा होता आणि त्यातली बहुतेक गाणी त्याची स्वतःची.

त्यातलं 'नीडल ऑफ डेथ' सगळ्यात आधी ऐक. एक मित्र हेरॉइनने गेला त्याच्यावरचं गाणं आहे. १९६५ साली ब्रिटनमध्ये या विषयावर असं सरळ गाणं करणारं फारसं कुणी नव्हतं, आणि एकवीस वर्षांच्या पोराने केलंय तरी त्यात उपदेश नाही, रडारड नाही, गेलेल्या माणसाशीच हळू आवाजात बोलणं आहे. गिटार त्याखाली न थांबता वाहत राहते, शब्द थांबले तरी ती थांबत नाही. कॅनडाचा रॉक गायक नील यंग याने हा अल्बम ऐकला आणि इतका मुरवला की १९७४ चं त्याचं 'अँब्युलन्स ब्लूज' बऱ्यापैकी याच चालीवर गेलं, आणि त्याने ते नंतर स्वतःच कबूल केलं. अकूस्टिक गिटारवर यान्श म्हणजे इलेक्ट्रिकवर हेन्ड्रिक्स, अशा अर्थाचं तो कायम बोलायचा. २०१४ साली जॅक व्हाइटच्या नॅशव्हिलमधल्या जुन्या टेलिफोन बूथसारख्या रेकॉर्डिंग बूथमध्ये बसून नील यंगने एक अल्बम केला, त्यात 'नीडल ऑफ डेथ' आहे. स्वयंपाकघरात जन्मलेलं गाणं पन्नास वर्षांनी फोनबूथमध्ये, मला हे फार आवडतं.

त्याच पहिल्या अल्बमवर 'अँजी' आहे, डेव्ही ग्रॅहमचं इन्स्ट्रुमेंटल, आणि तुझी शिकायची सुरुवात इथूनच होणार आहे म्हणून जरा थांबून सांगतो. ए मायनर. बेस खाली उतरतो: ए, जी, एफ, ई, आणि परत वर ए. एवढंच. हे चार सूर अंगठ्याने, सारख्या अंतराने, घड्याळासारखे पडत राहतात आणि वरच्या तारांवर पहिलं-दुसरं बोट अध्येमध्ये, ठोक्याच्या आधी किंवा नंतर सूर टाकतं. अडचण डाव्या हाताची नाहीच, शेप सोपे आहेत. अडचण ही की वरच्या बोटाने ठोक्याच्या आधी सूर घेतला की अंगठाही त्याच्याबरोबर पळतो. दहातल्या नऊ जणांचा पळतो. यान्शचा पळत नाही. त्याचा अंगठा जणू दुसऱ्या माणसाचा आहे. आणि मधेच तो नॅट अ‍ॅडर्लीच्या 'वर्क साँग' या जॅझच्या चालीचा तुकडा आत घुसवतो आणि जसा गेला तसा परत येतो, अंगठा तसाच चालू. पॉल सायमननेही हे पीस सायमन अँड गार्फंकलच्या 'साउंड्स ऑफ सायलेन्स' अल्बमवर १९६६ साली वाजवलंय, तेही ऐक. सुंदर आहे, स्वच्छ आहे. आणि मग यान्शचं ऐक, फरक लगेच कळेल, सायमन पीस वाजवतो आणि यान्श त्याच्याशी भांडतो.

आता तुझ्या मूळ प्रश्नावर, म्हणजे 'ब्लॅक माउंटन साइड'. लंडनच्या त्या दिवसांत अ‍ॅन ब्रिग्स नावाची गायिका होती, बर्टची मैत्रीण, बिनवाद्याची, नुसत्या गळ्याने जुनी लोकगीतं गाणारी. दोघांनी मिळून काही गाणीही लिहिली. तिच्याकडून त्याने 'ब्लॅकवॉटरसाइड' हे आयरिश लोकगीत घेतलं, फसवल्या गेलेल्या मुलीचं गाणं आहे. तिने ते ए. एल. लॉइड या लोकगीतं गोळा करणाऱ्या गायकाकडून घेतलेलं. म्हणजे चाल परंपरेची, कुणाच्या मालकीची नाही. पण गिटारवर जे आहे, तो पुन्हापुन्हा येणारा, वरून खाली घसरत येणारा तुकडा आणि त्याखाली घुमणारी मोकळी तार, ते शंभर टक्के यान्शचं. १९६६ च्या 'जॅक ओरायन' अल्बमवर ते आलं. जानेवारी १९६९ मध्ये लेड झेपलिनचा पहिला अल्बम आला त्यावर हाच साचा, गाणं काढून टाकलेला, आणि खाली नाव जिमी पेजचं. ट्रान्सअटलांटिकने वकिलाचा सल्ला घेतला होता पण प्रकरण कोर्टात गेलं नाही, चाल पारंपरिक आहे म्हटल्यावर सिद्ध करणं अवघड आणि खर्च प्रचंड. पेजला यान्श किती आवडायचा हे त्याने कधी लपवलं नाही, पण नाव दिलं असतं तर बरं झालं असतं, माझं स्पष्ट मत आहे.

आणि एक गोष्ट, तू ते पीस इतके दिवस ऐकतोयस तर लक्षात आलीच असेल, त्यात तबला आहे. तो विराम जसानी यांनी वाजवलाय. तबला तिथे उपरा वाटत नाही याला कारण आहे. पेज ते डीएडीजीएडी ट्युनिंगमध्ये वाजवतो, म्हणजे तारा खालून वर डी, ए, डी, जी, ए, डी. हे ट्युनिंग डेव्ही ग्रॅहमने मोरोक्कोत तिथल्या ऊद (आखूड मानेचं अरबी तंतुवाद्य) वादकांबरोबर वाजवता यावं म्हणून बसवलं. त्यात मेजर-मायनर ठरवणारा सूरच नाही, षड्ज-पंचम-मध्यम एवढंच मोकळं वाजत राहतं, तानपुऱ्यासारखं. यान्श मात्र 'ब्लॅकवॉटरसाइड' ड्रॉप डी मध्ये वाजवतो, म्हणजे फक्त सगळ्यात जाड तार ई वरून डी ला उतरवायची, बाकी पाच तशाच. त्यामुळे तू पेजची बोटं उचलून यान्शच्या रेकॉर्डवर बसवायला गेलास तर बसणार नाहीत, उलटंही तसंच. तुझी निम्मी अडचण बहुधा इथेच आहे. ठरव कुठलं वाजवायचंय. माझं ऐकशील तर यान्शचं घे.

आणि यान्शचं घेतलंस की पुढची अडचण येईल, मात्रा. तू मेट्रोनोम लावशील आणि आठव्या-दहाव्या ओळीला तो आणि तू वेगळे झालेले असाल. मीही झालो होतो, वहीत मात्रा लिहून काढल्या तेव्हा कळलं की तो कुठे एखादी मात्रा जास्त घेतो आणि कुठे अर्धी खातो. चूक म्हणून नव्हे. गाण्यातला शब्द संपायचा असतो म्हणून गिटार थांबते, किंवा पुढचा शब्द घाईने येतो म्हणून गिटार लवकर वळते. आपल्याकडे भजनात पेटीवाला गाणाऱ्याच्या मागोमाग जातो, त्याने श्वास घेतला की जागा भरून काढतो, तसं. फक्त इथे गाणारा आणि पेटीवाला एकाच अंगात आहेत आणि पेटीवाला कधीकधी गाणाऱ्याला टोकतोसुद्धा. म्हणून माझं मुलांना एकच सांगणं असतं, यान्शचं गाणं नुसतं गिटारवर बसवू नका, आधी तोंडाने गा. बेसूर गा, चालेल, घरच्यांना ऐकू जाऊ दे. शब्द तोंडात बसले की त्या वाकड्या मात्रा आपोआप सरळ वाटायला लागतात. कॉर्ड लिहून मिळतील तुला, पण कॉर्डवर स्ट्रमिंग करत 'ब्लॅकवॉटरसाइड' म्हणून बघ, हाताला काहीच लागत नाही. बहुतेक गायकांचं गाणं गिटार बाजूला ठेवली तरी उरतं. यान्शचं गाणं म्हणजेच ती गिटार आहे, गळा तिच्याबरोबर चालतो.

गळ्याबद्दल लोक नाक मुरडतात. सपाट आहे, नाकात आहे, शब्द गिळतो. आहेच. पण त्यात खोटं काही नाही, आणि इतक्या भरलेल्या गिटारवर जर कुणी आलाप घेत बसलं असतं तर ऐकवलं नसतं. मला तो आवाज आता इतका सवयीचा झालाय की दुसऱ्या कुणी ही गाणी गोड गळ्याने म्हटली की कसंसंच होतं.

लंडनमध्ये सोहोतल्या ग्रीक स्ट्रीटवर तळघरात 'ले कझिन्स' नावाचा क्लब होता, १९६५ नंतर तिथे रात्र-रात्रभर हे सगळे वाजवायचे. तिथेच जॉन रेनबोर्नबरोबर जोडी जमली, दोघं एकाच घरात राहायचे, १९६६ ला दोघांचा अल्बम आला. त्यातून १९६७ मध्ये पेंटँगल. पाच जण: बर्ट, रेनबोर्न, गायला जॅकी मॅकशी, डबल बेसवर डॅनी थॉम्पसन, ड्रमवर टेरी कॉक्स. शेवटचे दोघं जॅझवाले. टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या हॉर्सशू हॉटेलमध्ये दर आठवड्याला वाजवून बँड तयार झाला. लोकगीत, ब्लूज, जॅझ, जुनं दरबारी युरोपियन संगीत सगळं एका ताटात, आणि तरी खिचडी नाही. १९६९ चा 'बास्केट ऑफ लाइट' ब्रिटनमध्ये पाचव्या नंबरपर्यंत गेला. त्यातलं 'लाइट फ्लाइट' हे बीबीसीच्या 'टेक थ्री गर्ल्स' या मालिकेचं शीर्षकगीत होतं म्हणून घराघरात पोचलं. हे गाणं तबला शिकलेल्या मित्राला ऐकव. पाच आणि सात मात्रांची आवर्तनं एकमेकांत अडकवलेली आहेत, मधेच सहाचा संथ भाग येतो, आणि वर जॅकी मॅकशी अशी सहज गाते की सामान्य माणसाला कळतसुद्धा नाही की यात मोजायला काही आहे. त्याच अल्बमवर एकदोन गाण्यांत रेनबोर्न सतार वाजवतो. सतारिया म्हणून ऐकू नकोस, निराशा होईल, त्या काळात तिकडे सगळ्यांनाच सतारीची ओढ लागली होती आणि त्याने ती एक रंग म्हणून लावलीय, तेवढ्यापुरती छान लागते.

पेंटँगलने सतत दौरे केले, दारू वाढली, माणसं थकली आणि १९७३ च्या सुरुवातीला बर्ट बाहेर पडला, बँड संपला. तो वेल्समध्ये लॅम्पिटरजवळ शेतावर जाऊन राहिला. मग परत आला आणि १९७४ मध्ये 'एल. ए. टर्नअराउंड' केला, त्याचा निर्माता कोण, तर मंकीज या पॉप बँडमधला माइक नेस्मिथ. त्यात रेड ऱ्होड्सची पेडल स्टील गिटार आहे, बर्टच्या कोरड्या तारांमागे तो लांब ओढलेला सूर असा लागतो की बस. नऊ-दहा वर्षांनी 'नीडल ऑफ डेथ' पुन्हा गायलंय त्यात, पहिल्या अल्बमवरच्या शेजारी लावून ऐक, तोच माणूस किती दमलाय ते कळतं.

१९७९ चा 'अ‍ॅव्होसेट' मात्र माझ्या अगदी आतला आहे. त्यात एकही शब्द नाही. सगळ्या तुकड्यांना पक्ष्यांची नावं, त्यातला पहिला तुकडाच अठरा मिनिटांचा. मार्टिन जेंकिन्स आणि डॅनी थॉम्पसन बरोबर. अ‍ॅव्होसेट म्हणजे तो काळा-पांढरा, वर वळलेल्या बारीक चोचीचा पाणपक्षी, आपल्याकडे हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर येतो. मी एकदा जानेवारीत भिगवणला पहाटे होडीत बसलो होतो, धुक्यात पाण्यावर चोच डावी-उजवी फिरवत चालणारे चार-पाच अ‍ॅव्होसेट दिसले आणि त्यांच्या चालीत ती धून मला स्पष्ट दिसली. नावाड्याला सांगायला गेलो पण काय सांगणार, नुसतं गुणगुणलो.

ऐंशीच्या दशकाबद्दल भराभर सांगतो. लंडनमध्ये गिटारचं दुकान काढलं, ते दोनेक वर्षांत बंद झालं. पेंटँगल वेगवेगळ्या माणसांना घेऊन पुन्हा सुरू झालं, पूर्वीचं तेज नव्हतं. दारू मात्र होतीच, आणि १९८७ मध्ये स्वादुपिंडाने गंभीर आजारी होऊन हॉस्पिटलात गेला. पिणं सोडायचं नाहीतर जायचं, एवढाच पर्याय डॉक्टरांनी ठेवला. त्याने सोडलं, कायमचं. संगीतातल्या लोकांच्या आयुष्यात हे पान बहुतेक वेळा येतच नाही किंवा फार उशिरा येतं. याच्या आयुष्यात ते चव्वेचाळिसाव्या वर्षी आलं आणि त्यामुळे आपल्याला पुढची चोवीस वर्षं मिळाली.

आणि काय वर्षं! १९९५ चा 'व्हेन द सर्कस कम्स टू टाउन' हा माझ्या मते पहिल्या अल्बमच्या तोडीचा. नव्वदच्या दशकात तो डेन्मार्क स्ट्रीटवरच्या '१२ बार क्लब' नावाच्या जेमतेम शंभर माणसं मावतील अशा जागेत नेमाने वाजवायचा, गिटारच्या दुकानांची गल्ली आहे ती, आणि समोर नवी पोरं बसायची. जसा हा हाउफमध्ये दुसऱ्यांच्या हाताकडे बघत बसायचा तशीच. त्यातून द स्मिथ्सचा जॉनी मार आणि स्वेडचा बर्नार्ड बटलर २००० च्या 'क्रिमसन मून' वर त्याच्याबरोबर वाजवायला आले, २००६ च्या 'द ब्लॅक स्वान' वर बेथ ऑर्टन आणि डेव्हेंड्रा बॅनहार्ट. निक ड्रेकचं नाव तू ऐकलं असशीलच, तोही घरी बसून यान्शचं 'स्ट्रोलिंग डाउन द हायवे' वाजवायचा, घरगुती टेपवर आहे ते. २००१ ला बीबीसी रेडिओ २ च्या फोक पुरस्कारांत जीवनगौरव मिळाला, २००७ ला एडिनबर्गच्या नेपिअर विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली, ज्या शहरात तो क्लबच्या जमिनीवर झोपायचा तिथेच.

२००९ मध्ये फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं. २०१० ला उभा राहून नील यंगच्या अमेरिका दौऱ्यात त्याच्या आधी एकटा गिटार घेऊन वाजवत होता, शिकागोला एरिक क्लॅप्टनच्या क्रॉसरोड्स महोत्सवातही वाजवला. शेवटचा कार्यक्रम १ ऑगस्ट २०११, लंडनचा रॉयल फेस्टिव्हल हॉल, पेंटँगलच्या मूळ पाचही जणांबरोबर. याच हॉलमध्ये १९६८ साली त्यांचा 'स्वीट चाइल्ड' मधला लाइव्ह भाग रेकॉर्ड झाला होता. ५ ऑक्टोबर २०११ ला लंडनमध्ये गेला, सदुसष्टाव्या वर्षी. त्याच दिवशी स्टीव्ह जॉब्ज गेले त्यामुळे आपल्याकडच्या पेपरांत यान्शसाठी जागा उरली असेल असं वाटत नाही. मला तीन आठवड्यांनी कळलं, एका विद्यार्थ्याने विचारलं, सर तुमचा तो स्कॉटिश माणूस गेला ना. त्या दिवशी क्लास घेतला नाही, सगळ्यांना 'अ‍ॅव्होसेट' ऐकवला, अठरा मिनिटं कुणी हललं नाही.

ऐकायचा क्रम विचारलास. पहिला अल्बम, मग 'जॅक ओरायन', मग 'बास्केट ऑफ लाइट', मग 'एल. ए. टर्नअराउंड', मग 'अ‍ॅव्होसेट', मग 'सर्कस'. एका आठवड्याला एकच. शफलवर टाकू नकोस, कृपा करून.

आणि गिटारबद्दल, कारण तू दोनदा लिहिलंयस की तुझी सहा-सात हजारांची आहे. यान्शने काय काय वाजवलं ते बघ: किटची गिटार, उसनी मार्टिन, मग जॉन बेलीने हाताने बनवलेली एक, जिच्यावर पेंटँगलचं बरंचसं काम झालं आणि जी शेवटी चोरीला गेली, रॉब आर्मस्ट्राँगच्या दोन, आणि नंतरच्या काळात यामाहा. साठाव्या वाढदिवसाला यामाहाने त्याला सोन्याची नक्षी असलेली एक खास गिटार भेट दिली, तीनेक हजार पाउंडांची. ती स्टेजवर न्यायला फारच चांगली आहे म्हणायचा. तुझी चालेल. अ‍ॅक्शन फार उंच असेल तर दुकानात नेऊन सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) घासून घे, तारा नव्या टाक, ११ गेजच्या, जरा बारीक, टाक म्हणजे वाकवताना बोटं सोलणार नाहीत, तो अकूस्टिकवरही तारा वाकवतो ते तुला लागणारच आहे.

या आठवड्यात फक्त अंगठा. ए, जी, एफ, ई, वरची बोटं गिटारला टेकवून ठेव, वाजवायची नाहीत, रोज दहा मिनिटं, मोठ्याने मोजत. पुढच्या आठवड्यात पहिल्या बोटाने एकच सूर, तोही दोन ठोक्यांच्या बरोबर मधे. अंगठा पळाला की थांब, पहिल्यापासून. दोन आठवड्यांनी फोनवर रेकॉर्ड करून पाठव, मी ऐकतो आणि मग 'ब्लॅकवॉटरसाइड' ची जाड तार खाली उतरवू.